दात्याचा डॉक्टर



आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान हे चतुर्विध दान आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. यांतील बहुतेक दानांत दाता आपल्या संग्रहातील काही भाग देतो आणि देऊन झाल्यावर निश्चिंत होतो. वैद्यकशास्त्राने गेल्या काही दशकांत दानाचा एक वेगळा प्रकार समाजापुढे आणला आहे. त्यात एक निरोगी मनुष्य आपल्या हाडांतील मज्जा किंवा रक्तातील मूलपेशी, ज्यांना स्टेम सेल म्हणतात, दुसऱ्याच्या जिवासाठी देतो. अशा प्रसंगी सर्वांची दृष्टी रुग्णाकडे लागलेली असते आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु शेजारच्या खाटेवर जो निरोगी मनुष्य आपण होऊन येऊन झोपलेला असतो, त्याची काळजी कोणी वाहावयाची? आजच्या व्याख्यानाचा विषय हा प्रश्न आणि त्या प्रश्नाचे उत्तर देणारा रुग्णालयातील डॉक्टर हा आहे.

प्रथम मूळ विषय थोडक्यात पाहू. आपल्या रक्तातील लाल पेशी, पांढऱ्या पेशी आणि बिंबिका यांचे आयुष्य मर्यादित असते. त्या सतत नव्याने तयार व्हाव्या लागतात. हे काम हाडांच्या पोकळीतील मज्जेत असलेल्या मूलपेशी जन्मभर करीत असतात. रक्ताचा कर्करोग, थॅलेसेमिया, अप्लास्टिक अॅनिमिया अशा काही रोगांत ही उगमस्थानेच बिघडतात किंवा आटतात. मग रुग्णाची रोगट मज्जा औषधांनी नाहीशी करून तिच्या जागी निरोगी दात्याच्या मूलपेशी सोडल्या जातात. या पेशी रक्ताच्या पिशवीप्रमाणेच शिरेतून दिल्या जातात आणि आपला मार्ग शोधीत हाडांपर्यंत पोहोचतात. अमेरिकेतील डॉ. डोनाल थॉमस यांनी मानवावरील असे आरंभीचे प्रयत्न १९५७ साली प्रसिद्ध केले. त्यानंतर अनेक वर्षे अपयश पचवून त्यांनी हे शास्त्र उभे केले. १९९० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

भारतातील पहिले अस्थिमज्जा प्रत्यारोपण आपल्या महाराष्ट्रातच झाले. २० मार्च १९८३ रोजी मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी रक्ताच्या कर्करोगाने ग्रासलेल्या एका नऊ वर्षांच्या मुलीवर हे उपचार केले. डॉ. अडवाणी यांना बालपणीच पोलिओ झाला होता आणि त्यांचे सारे वैद्यकीय कार्य चाकांच्या खुर्चीवरून झाले. सिअ‍ॅटल येथे डॉ. थॉमस यांच्या केंद्रात शिक्षण घेऊन ते मायदेशी परतले होते. पुढे २००२ साली पद्मश्री आणि २०१२ साली पद्मभूषण देऊन राष्ट्राने त्यांचा गौरव केला.

या घटनेचे वर्णन करताना डॉक्टरांचे आणि त्या मुलीचे स्मरण होते, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या दिवशी तेथे आणखी एक व्यक्ती होती. मज्जा देणारा त्या मुलीचा भाऊ! त्याला कोणताही रोग नव्हता आणि होणाऱ्या प्रक्रियेपासून त्याच्या शरीराला काडीचाही लाभ नव्हता. वैद्यकशास्त्राचा पहिला नियम असा की, रुग्णाचे अहित करू नये. येथे तर जो रुग्णच नाही, त्याच्या शरीरात सुई घालावयाची असते. म्हणून या क्षेत्रातील डॉक्टरांवर दुहेरी जबाबदारी येते. एकाचे प्राण वाचवावयाचे आणि दुसऱ्याच्या प्रकृतीला धक्का लागू द्यावयाचा नाही.

या दोन जबाबदाऱ्या एकाच डॉक्टरच्या अंगावर असतील तर काय होईल? आपल्या रुग्णाचा जीव वाचावा ही डॉक्टरची तळमळ प्रामाणिकच असते. परंतु त्याच तळमळीपोटी दात्याच्या रक्तदाबाकडे, त्याच्या भीतीकडे किंवा त्याच्या संकोचाकडे नकळत दुर्लक्ष होऊ शकते. यास्तव जगभर असा दंडक मान्य झाला आहे की, दात्याची तपासणी करणारा डॉक्टर रुग्णावर उपचार करणाऱ्या डॉक्टरपेक्षा वेगळा असावा. त्याची निष्ठा केवळ दात्याशी असावी. दात्याचा हा वकीलच म्हणावयाचा!

या डॉक्टरचे काम वरवर साधे दिसते. तो दात्याचा पूर्वेतिहास विचारतो. रक्त, हृदय, यकृत आणि मूत्रपिंड यांची तपासणी करवतो. एचआयव्ही, कावीळ यांसारख्या संसर्गांच्या चाचण्या करवतो, स्त्रीदात्री गर्भवती नाही याची खात्री करून घेतो. परंतु सर्वांत महत्त्वाचे काम कोणत्याही यंत्रावर होत नाही. दात्याला नातेवाइकांपासून दूर, एकटे बसवून त्याच्याशी बोलणे हे ते काम होय. तो खरोखरच राजी आहे काय, की सर्वांच्या नजरांना घाबरून त्याने मान डोलावली आहे, हे त्या बंद खोलीतच कळते.

आपल्या कुटुंबव्यवस्थेत या संभाषणाचे मोल फार मोठे आहे. जिंतूर, सेलू किंवा गंगाखेडच्या एखाद्या घरात थोरल्या मुलाला असा आजार जडला आणि सासरी नांदणाऱ्या बहिणीची मज्जा जुळली, तर काय घडते याची कल्पना कोणीही करू शकेल. माहेरची माणसे डोळ्यांत पाणी आणून विनवितात. सासरची माणसे, हिला पुढे मूल होईल ना, कमजोरी येणार नाही ना, अशा शंका काढतात. त्या बहिणीला कोणी काही विचारीत नाही. दात्याच्या डॉक्टरने तिला विचारावयाचे असते. मज्जादानाने वंध्यत्व येत नाही, कायमचे दुबळेपण येत नाही, काढलेली मज्जा काही आठवड्यांत भरून निघते, हे तिला आणि तिच्या अनुमतीने तिच्या घरच्यांना समजावून सांगावयाचे असते. एवढे होऊनही ती नाही म्हणाली, तर त्या नकाराचे रक्षण करावयाचे असते. अशा वेळी जबाबदार डॉक्टर कुटुंबाला एवढेच सांगतो की, या दात्याकडून दान घेणे योग्य होणार नाही. कारण सांगत नाही. दात्याच्या तपासणीत एखादा लपलेला आजार आढळला, तरीही गुप्ततेचा हाच नियम पाळला जातो. त्या एका वाक्याच्या आड एका माणसाची अब्रू आणि एका घरातील नाती सुरक्षित राहतात.

दाता लहान मूल असेल तर प्रश्न अधिक नाजूक होतो. दोन्ही मुलांचे आईवडील तेच असतात. एका लेकराच्या जिवासाठी दुसऱ्याच्या वतीने संमती देताना त्यांचे मन तटस्थ राहील अशी अपेक्षा करणे हा त्यांच्यावर अन्याय आहे. म्हणून त्या छोट्या दात्याच्या बाजूने विचार करणारा स्वतंत्र डॉक्टर तेथे हवाच. मुलाला त्याच्या वयाला समजेल अशा भाषेत सर्व सांगणे, खोटे न बोलणे, आणि काढावयाच्या मज्जेचे प्रमाण त्याच्या वजनाप्रमाणे ठरविणे ही त्याची कर्तव्ये होत.

आता प्रत्यक्ष दानाकडे वळू. त्याचे दोन मार्ग आहेत. पहिल्यात दात्यास भूल देऊन कमरेच्या मागील हाडातून सुईने मज्जा काढतात. तिचे प्रमाण दात्याच्या वजनाच्या प्रत्येक किलोमागे २० मिलिलिटरच्या पुढे जाऊ नये असा संकेत आहे. पाठीच्या कण्याला येथे हातही लावला जात नाही. दुसऱ्या मार्गात चार-पाच दिवस इंजेक्शने देऊन मज्जेतील मूलपेशी रक्तात उतरवितात आणि मग यंत्राद्वारे काही तासांत त्या वेगळ्या करून उरलेले रक्त दात्यास परत देतात. इंजेक्शनांच्या दिवसांत हाडे दुखतात, डोके दुखते. यंत्रावर असताना कॅल्शियम कमी होऊन ओठांभोवती मुंग्या येतात. प्लीहा काही काळ सुजते, म्हणून त्या दिवसांत पोती उचलणे, कुस्ती खेळणे वर्ज्य असते. शेतकरी दात्याला ही सूचना चारचौघांत एकदा सांगून भागत नाही. ती पुनःपुन्हा बजवावी लागते.

धोका किती, हे आकड्यांनीच सांगणे इष्ट. अमेरिकेतील राष्ट्रीय दाता नोंदणी संस्थेने २००४ ते २००९ या काळातील, रुग्णाशी नाते नसलेल्या सुमारे साडेनऊ हजार दात्यांचा अभ्यास केला. मज्जा देणाऱ्यांत गंभीर त्रासाचे प्रमाण २.३८ टक्के आणि रक्तातून मूलपेशी देणाऱ्यांत ०.५६ टक्के आढळले. पूर्ववत बरे वाटण्यास मज्जादात्यांना साधारण तीन आठवडे, तर दुसऱ्या गटाला एक आठवडा लागला. म्हणजे धोका अल्प आहे, परंतु शून्य नाही. काहीच होत नाही असे सांगून दाता मिळविणे हे असत्य होय, आणि जो दाता असत्यावर मिळाला तो अडचणीच्या वेळी टिकत नाही.

टिकणे येथे का महत्त्वाचे आहे? दान घेण्यापूर्वी काही दिवस रुग्णाला जी तीव्र औषधे दिली जातात, त्यांनी त्याची स्वतःची मज्जा नष्ट होते. तो क्षण येईपर्यंत दात्याला माघार घेण्याचा पूर्ण अधिकार आहे. त्या क्षणानंतर दात्याने माघार घेतली, तर रुग्णाच्या शरीरात रक्त निर्माण करणारे काहीच उरलेले नसते आणि त्याचा मृत्यू ओढवू शकतो. कायदा कोणाच्याही शरीरातून बळाने मज्जा काढू देत नाही. म्हणजे सारा भार दात्याच्या शब्दावर येतो. म्हणूनच तो शब्द घाईने, भिडेपोटी किंवा अर्धवट माहितीवर घेतलेला नसावा, याची खातरजमा दात्याच्या डॉक्टरने आधीच करावयाची असते. दात्याचे हित आणि रुग्णाचे हित येथे एकत्र येते. ज्याला मोकळेपणाने नाही म्हणता आले असते, त्याच्याच होकारावर विसंबता येते.

आपल्या समाजाच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट विचारात घेण्यासारखी आहे. दाता आणि रुग्ण यांच्या पेशींवरील ज्या खुणा जुळाव्या लागतात, त्यांना एचएलए म्हणतात. त्या निम्म्या पित्याकडून आणि निम्म्या मातेकडून येतात. सख्ख्या भावंडांत त्या पूर्ण जुळण्याचा संभव चारांत एक एवढाच असतो. भावंडांत जुळले नाही, तर परक्यांत शोध घ्यावा लागतो. पिढ्यान्‌पिढ्या आपसांत विवाहसंबंध होत आलेल्या समाजात त्याच समाजातील दाता जुळण्याची आशा अधिक असते. लंडनमध्ये शर्ली नोलन या मातेने आपल्या मुलासाठी १९७४ साली दात्यांची नोंदवही सुरू केली. तिच्या मुलाला दाता मिळाला नाही. १९७९ साली तो गेला, परंतु नोंदवही राहिली. आज जगभरच्या अशा नोंदवह्यांत चार कोटींहून अधिक नावे आहेत. भारतात चेन्नईची दात्री ही संस्था २००९ पासून हे काम करीत आहे. तथापि लोकसंख्येच्या मानाने भारतीय दात्यांची संख्या अत्यल्प आहे. एखाद्या ट्रस्टने शिबिर भरवून गालाच्या आतील पेशींचे नमुने घेतले, तर ते उत्तम कार्य ठरेल. मात्र त्या शिबिरात पाचशे नावे लिहून घेण्यापेक्षा, वर्षांनंतर बोलावणे आले तरी मागे न हटणारी पन्नास नावे मिळणे अधिक मोलाचे आहे.

संशोधनाच्या बाबतीतही हाच विवेक हवा. अर्धीच जुळणी असलेल्या आईवडिलांची किंवा मुलांची मज्जा वापरणे संशोधनामुळे आता शक्य झाले आहे. थॅलेसेमिया मायनर असलेले भावंड आपल्या आजारी भावंडाला दान करू शकते, हेही सिद्ध झालेले आहे. हे सर्व ज्ञान दात्यांच्या आणि रुग्णांच्या वर्षानुवर्षे ठेवलेल्या नोंदींतून आले. उलटपक्षी, मूलपेशींच्या नावाखाली मधुमेहापासून पक्षाघातापर्यंत सर्व काही बरे करण्याच्या जाहिराती आपण पाहतो. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट म्हटले आहे की, रक्तविकारांसाठी होणारे मूलपेशी प्रत्यारोपण वगळता अन्य उपयोग हे संशोधन समजावेत, आणि ते मान्यताप्राप्त चाचण्यांतच व्हावेत. त्यासाठी कोणी लाखो रुपये मागत असेल, तर घरचे सोने मोडण्यापूर्वी जाणत्या डॉक्टरचा सल्ला घ्यावा.

परभणी जिल्ह्यातील रुग्णाला प्रत्यारोपणासाठी बहुधा मुंबई-पुण्याची वाट धरावी लागते. परंतु दात्याची काळजी केवळ मोठ्या शहरातच घ्यावी असे नाही. दाता दानानंतर आपल्या गावी परततो. त्याचे हिमोग्लोबिन पाहणे, लोहाच्या गोळ्या देणे, दुखण्याची विचारपूस करणे, वर्षातून एकदा रक्ताची तपासणी करून ती नोंद प्रत्यारोपण केंद्राकडे धाडणे हे तालुक्याच्या गावातील डॉक्टरही करू शकतो. परभणीत २०२३ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. तेथून बाहेर पडणाऱ्या तरुण डॉक्टरांनी हा वसा घ्यावा अशी अपेक्षा ठेवण्यास हरकत नाही.

शेवटी एका दुःखद शक्यतेचा उल्लेख केला पाहिजे. प्रत्येक प्रत्यारोपण यशस्वी होत नाही. रुग्ण दगावला, तर घरात सर्व जण त्याच्यासाठी रडतात. दाता मात्र एका कोपऱ्यात बसून, आपलीच मज्जा कमी पडली काय, असा विचार करीत राहतो. नातेवाईक त्याला काही बोलत नाहीत आणि ते न बोलणेही त्याला दोषासारखे टोचते. त्या दिवशी दात्याच्या डॉक्टरने त्याच्या घरी जावे, निदान दूरध्वनी करावा, आणि त्याचे दान निर्दोष होते, रोगच प्रबळ ठरला, हे त्याला स्पष्ट शब्दांत सांगावे. हे शब्द कोणत्याही औषधाच्या चिठ्ठीवर लिहिता येत नाहीत. परंतु ते ऐकल्यानंतरच त्या दात्यावरील उपचार पूर्ण झाले असे म्हणता येईल.