लकवा लेकरालाही होतो

सिकलसेल हा शब्द आपल्या वडसा, आरमोरी, कुरखेडा भागात कुणाला नवा नाही. अंग ठणकतं, डोळे पिवळे होतात, रक्त कमी होतं, हे आपण घरोघरी पाहतो. पण हा आजार मेंदूच्या रक्तवाहिन्यांनाही धरतो, हे आमच्या बैठकांमध्ये फार थोड्या जणींना माहीत असतं. आज त्याबद्दलच बोलू.

रक्तातली तांबडी पेशी गोल आणि मऊ असते. बारीक नळीतूनही ती सहज निघून जाते आणि साधारण १२० दिवस जगते. सिकलसेलमध्ये तिचा आकार विळ्यासारखा होतो. ती कडक आणि चिकट बनते, १० ते २० दिवसांतच फुटते. म्हणून अशा लेकराच्या अंगात रक्त कायम कमी असतं.

मेंदूला तर प्राणवायू सतत लागतो. रक्त कमी, म्हणून ते मेंदूकडे जास्त जोराने धावतं. मेंदूच्या तळाशी मोठ्या रक्तवाहिन्या वळतात, त्यांना फाटे फुटतात. तिथे आतल्या अस्तराला इजा होते, अस्तर जाड होतं, वाट अरुंद होते. इटियाडोहच्या नहरातून बांधीत येणारं पाणी आठवा. पाटात गाळ साचला, की त्या अरुंद जागेतून पाणी जोरात पळतं. गाळ वाढतच गेला, तर पुढची बांधी कोरडी पडते. मेंदूचा भाग असा कोरडा पडला, की हात, पाय किंवा वाचा जाते. तोच लकवा.

लकवा म्हाताऱ्यांनाच होतो, असं आपण धरून चालतो. पण प्रतिबंधाचे उपाय नव्हते तेव्हा अमेरिकेत एसएस प्रकारच्या १०० जणांपैकी सुमारे ११ जणांना विशीच्या आतच लकवा झाल्याचं दिसलं. एएस म्हणजे वाहक, त्यांना सहसा हा त्रास होत नाही.

काही झटके दिसतही नाहीत. हातपाय चांगले असतात, पण मूल वर्गात मागे पडतं, सांगितलेलं विसरतं. त्याला आळशी म्हणून रागावण्याआधी डॉक्टरांना सांगा.

हा धोका आधी कळू शकतो. कानशिलावर छोटं यंत्र ठेवून मेंदूतल्या रक्ताचा वेग मोजतात. याला डॉप्लर तपासणी म्हणतात. सुई नाही, दुखत नाही. एसएस मुलांची ही तपासणी २ ते १६ वर्षांपर्यंत दरवर्षी व्हावी. वेग सेकंदाला २०० सेंटिमीटर किंवा जास्त असेल, तर धोका मोठा. १९९८ साली अमेरिकेतल्या अभ्यासात अशा मुलांना नियमित रक्त दिल्यावर लकव्याचं प्रमाण ९० टक्क्यांहून जास्त घटलं. ही सोय प्रत्येक दवाखान्यात नसते, म्हणून कुठे होईल ते डॉक्टरांना विचारा आणि चिठ्ठी घ्या.

हायड्रॉक्सीयुरियाचं औषधही मेंदूला जपतं. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, वेळोवेळी रक्त तपासून घ्यायचं असतं. दुखणं थांबलं म्हणून आपल्या मनाने बंद करू नका.

आता हे पाठच करा. तोंड वाकडं झालं, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडला, बोलणं अडखळलं, अचानक डोकं खूप दुखलं, झटके आले, की १०८ ला फोन करा. रांगतं मूल एकच हात वापरू लागलं, तरी सावध व्हा. बाहेरचं काही लागलं म्हणून पुजाऱ्याकडे नेऊ नका, तेल चोळत बसू नका, तोंडात पाणी किंवा औषध घालू नका. थोड्या वेळाने बरं वाटलं तरी दवाखान्यात न्याच. तिथे पोचताच पहिलं वाक्य, “लेकराला सिकलसेल एसएस आहे.” कार्ड सोबत ठेवा.

आणखी एक. हा आजार आई आणि बाप दोघांकडून येतो. एकट्या सुनेला बोल लावणं चुकीचं आहे. १ जुलै २०२३ पासून सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल अभियानात ४० वर्षांपर्यंतच्यांची तपासणी केली जाते. घरात कुणाची राहिली असेल, तर आशाताईंना विचारा.

पुढच्या बैठकीत प्रत्येक गटाने एवढं करावं. गावातल्या एसएस मुलांच्या आयांना भेटा, डॉप्लर झाली का विचारा, एकटीला जाणं जमत नसेल तर सोबत जा. मात्र मुलांची नावं गावभर करू नका. त्यांची लग्नं व्हायची आहेत.