पायाचा आधार आणि वापरणाऱ्याची साक्ष



आजचा विषय कानाला थोडा रूक्ष लागेल. पायाला आधार देणारी जी साधने असतात, ती वापरणाऱ्या माणसांचे त्यांच्याविषयी काय म्हणणे असते, याचा विचार आम्ही आपल्यापुढे मांडणार आहोत. कृत्रिम पाय निराळा आणि हे साधन निराळे. कृत्रिम पाय गेलेल्या पायाच्या जागी येतो; येथे पाय जागेवर आहे, पण त्यात बळ नाही, किंवा पाऊल लोंबते आहे. त्याला बाहेरून धरून ठेवते ते कॅलिपर. दोन्ही बाजूंस पोलादी सळया, मांडीला व पोटरीला चामड्याचे पट्टे, खाली बूट, आणि गुडघ्याशी एक कडी. उभे राहताना कडी खाली सरकवली की गुडघा ताठ. बसताना ती वर ओढावयाची. अलीकडे पोटरीमागून तळव्याखाली जाणारी प्लास्टिकची हलकी पट्टीही मिळते.

कोणी म्हणेल, पोलिओ तर गेला, मग हा विषय आता कशाला? नैसर्गिक विषाणूने झालेल्या पोलिओचा भारतातील शेवटचा रोगी १३ जानेवारी २०११ रोजी हावडा जिल्ह्यात आढळला, आणि २०१४ च्या मार्चमध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला, हे खरेच. रोग गेला, रोगी मात्र राहिले. लहानपणी ज्यांना कॅलिपर लागले ती मंडळी आज चाळिशी-पन्नाशीत आहेत, आणि त्यांपैकी कित्येकांना इतक्या वर्षांनी नव्याने थकवा आणि अशक्तपणा जाणवू लागतो. शिवाय अर्धांगवायू आहे, मणक्याची दुखापत आहे, कुष्ठरोगाने लुळे पडलेले पाऊल आहे. कॅलिपरची गरज संपलेली नाही.

आता हे साधन चांगले लागू पडले की नाही, हे ठरवावयाचे कसे? दवाखान्याची रीत सोपी आहे. सपाट फरशीवर दहा मीटर चालावयास लावतात आणि सेकंद मोजतात. किंवा सहा मिनिटांत माणूस किती अंतर गेला ते पाहतात. या मापांना आम्ही नावे ठेवीत नाही. पण आपले गाव बालाघाटच्या डोंगरावर वसले आहे. मुकुंदराजांच्या समाधीकडे जावयाचे तर पायऱ्या उतराव्या लागतात. योगेश्वरीच्या देवळात बूट चालत नाही, आणि कॅलिपरला तर बूट जोडलेला! मग माणसाने दर्शनास जाताना साधन उंबऱ्याबाहेर सोडावे आणि हातांवर सरकत आत जावे काय? फरशीवरचे सेकंद याविषयी काहीच सांगत नाहीत.

हा केवळ आपल्याच गावचा अनुभव नव्हे. जयपूरला डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी १९६८ च्या सुमारास जो प्रसिद्ध पाय तयार केला, त्याच्या मुळाशी हीच गोष्ट होती. परदेशी धाटणीचा, बूट घालून चालावयाचा कृत्रिम पाय लोक घरी नेत आणि टाकून देत, कारण त्याने उकिडवे बसता येईना, मांडी घालता येईना, अनवाणी शेतात उतरता येईना. तिकडे युगांडात डॉ. रोनाल्ड हकस्टेप यांनी पोलिओच्या मुलांसाठी कॅलिपरला महागड्या बुटाऐवजी लाकडी खडावेसारखा तळ जोडला. दोघांनीही आधी माणूस राहतो कसा हे पाहिले.

हेच विचारणे पद्धतशीरपणे करण्याचे शास्त्र आता तयार झाले आहे. अशा साधनांच्या वापरणाऱ्यांसाठी शिकागोच्या संशोधकांनी २००३ साली एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. पुढे वॉशिंग्टन विद्यापीठाच्या मंडळींनी आधी कृत्रिम पाय वापरणाऱ्यांसाठी व नंतर कॅलिपर वापरणाऱ्यांसाठी हालचालीची मापे बनविली. प्रश्न साधे असतात: अमुक काम तुम्हांस सहज जमते, थोड्या त्रासाने जमते, फार त्रासाने जमते, की जमतच नाही? उत्तरांचे गुण मांडून ५० हा आकडा सरासरी धरतात. त्याहून अधिक गुण म्हणजे हालचाल अधिक सुकर. हालचालीच्या जोडीला दुखणे, थकवा, झोप, मनाची उदासी आणि चारचौघांत मिसळणे यांविषयीही विचारतात. हे फार महत्त्वाचे आहे. पाय पुढे पडतो, पण संध्याकाळी मांडी सोलपटून निघते, अशा माणसाला सुधारणा झाली असे म्हणावे काय?

मात्र हे कागद जसेच्या तसे भाषांतर करून येथे वाटले तर फसगत होईल. अमेरिकेतल्या सरासरीशी ताडून आपल्या ऊसतोड्याच्या घरातल्या माणसाचे काय कळणार? आपले प्रश्न आपल्या जिण्यातून निघावयास हवेत. जेवणाच्या पंगतीतून उठता येते का? न्हाणीघरात ओल्या फरशीवर उभे राहता येते का? एस. टी. ची पायरी चढता येते का? मराठवाड्याच्या वैशाखात चामड्याखाली घाम साचून कातडी फुटते का? पातळ नेसल्यावर सळईत अडकते का? कडीचा खटका लोकांत वाजतो म्हणून मुलगी लग्नकार्यास जाण्याचे टाळते का? वाढत्या मुलाला कॅलिपर आखूड झाले, किंवा एक रिव्हेट निघाला, तर दुरुस्तीसाठी किती लांब जावे लागते, आणि तेवढ्यासाठी कामाचा एक दिवस बुडतो का?

शिबिरे भरतात, साधने वाटली जातात, ही चांगलीच गोष्ट आहे. पण मोजले जाते ते वाटलेल्या साधनांना, घातलेल्या साधनांना नव्हे. स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचे वैद्यकीय महाविद्यालय आपल्या गावी आहे. वाटपानंतर सहा महिन्यांनी घरोघर जाऊन चौकशी करावयास तरुण विद्यार्थ्यांसारखी योग्य माणसे दुसरी कोठे मिळणार?

चौकशीची एक अडचण आताच सांगून ठेवतो. आपल्याकडचा माणूस भिडस्त. डॉक्टरसाहेबांनी विचारले, की तो "बरं आहे साहेब" एवढेच म्हणावयाचा, कारण फुकट मिळालेल्या वस्तूला नावे ठेवणे त्याला बरे वाटत नाही. म्हणून ज्याने साधन बनविले वा वाटले त्याने चौकशीस जाऊ नये. जो जाईल त्याने खुर्ची न मागता जमिनीवर बसावे, घाई करू नये, बाईमाणसाला विचारावयास बाईनेच जावे. आणि "बरं आहे" हे उत्तर लिहून घेण्याआधी एवढे विचारावे, की कॅलिपर आज सकाळपासून पायात होते की भिंतीच्या खुंटीला.