कुंडीतल्या टोमॅटोला माती कोणती?
(ज्येष्ठ सभासदांच्या मासिक मेळाव्यात केलेले भाषण)

आरती झाली, प्रसाद झाला, आता थोडा वेळ मातीत हात घालू. गेल्या महिन्याभरात तुमच्यापैकी दहा-बारा जणांनी मला एकच विचारलं, "कुंडीत टोमॅटो लावायचेत, माती कुठली आणू?" एकेकाला फोनवर सांगण्यापेक्षा सगळ्यांसमोरच बोला, असं विश्वस्तांनी सुचवलं. मी शेतीतज्ज्ञ नाही. इंग्लंडमध्ये बावीस वर्षं कुंड्यांत टोमॅटो लावते आहे, तेवढाच माझा अधिकार.

बागेतली माती कुंडीत भरू नका. जमिनीत ती चांगली असते, कारण तिथे गांडुळं आहेत, खोली आहे, पाणी मुरायला जागा आहे. कुंडीत रोज पाणी घातलं की तीच माती दबून विटेसारखी होते, मुळांना हवा मिळत नाही. शिवाय तण आणि रोग आयते घरात येतात.

मग दुकानात जायचं, आणि तिथे 'कंपोस्ट' या शब्दाने गोंधळ होतो. आपल्याकडे कंपोस्ट म्हणजे कुजवलेलं खत. इथे त्याच नावाने कुंडीत भरायची तयार माती विकतात. त्यामुळे कुणी ती खत समजून मूठ-मूठ वापरतं, तर कुणी शेणखताची पिशवी आणून कुंडी काठोकाठ भरतं आणि रोपाची मुळं करपतात. पिशवीवर 'मल्टिपर्पज' किंवा 'पॉटिंग' असं लिहिलेलं बघा. 'सीड' लिहिलेली फक्त बी रुजवायला, तिच्यात पोषण कमी असतं. 'एरिकेशियस' आम्लप्रिय झाडांसाठी असते, ती आपल्या कामाची नाही.

'जॉन इनेस' हे नाव अनेकांना एखाद्या कंपनीचं वाटतं. ती एक कृती आहे, आपल्या गोडा मसाल्यासारखी, कुणीही बनवावी. लंडनमधल्या मर्टन इथे असलेल्या जॉन इनेस संस्थेने १९३०च्या दशकात ती बसवली: सात भाग पोयट्याची माती, तीन भाग पीट, दोन भाग जाड वाळू, वर खत आणि थोडा चुना. एक, दोन, तीन हे आकडे खताचं प्रमाण सांगतात. फळावर येणाऱ्या टोमॅटोला तीन नंबर.

मी अर्धी जॉन इनेस तीन आणि अर्धी साधी मल्टिपर्पज मिसळते. पोयटा ओल आणि अन्न धरून ठेवतो आणि कुंडीला वजन देतो, म्हणजे वाऱ्याने झाड आडवं होत नाही. बाल्कनीत हे फार महत्त्वाचं. पण नुसती जॉन इनेस जड पडते, उचलताना कंबर सांभाळावी लागते. एकच पिशवी परवडत असेल तर मल्टिपर्पज आणा, काही बिघडत नाही, फक्त पुढे खत वेळेवर द्या.

आता बऱ्याच पिशव्या पीटविरहित असतात. त्यांत नारळाचा काथ्या, लाकडाचा भुसा, साल असतं. ही माती वरून कोरडी दिसते आणि आत ओली असते. बोट दोन पेरं आत घालून बघा, मगच पाणी घाला.

कुंडी किमान तीस सेंटिमीटर रुंद हवी, बुडाला भोकं हवीत. तळाशी खापऱ्यांचा थर घालायची आपली जुनी सवय सोडून दिलेली बरी. त्याने पाण्याचा निचरा वाढत नाही, मुळांची जागा मात्र कमी होते. रोपं मेअखेर, थंडीचा कडाका संपल्यावरच बाहेर ठेवा.

निर्माल्याचं काय, असं काही आजींनी विचारलं. हारांचे दोरे आणि प्लास्टिक काढून फुलं-पानं वर्षभर पूर्ण कुजू द्या. काळीभोर आणि मातीच्या वासाची झाली की चौथाईपर्यंत मिसळा. कच्चं निर्माल्य कुंडीत घालू नका.

पिशवीतलं खत साधारण सहा आठवड्यांत संपतं. पहिली फळं धरली की दर आठवड्याला टोमॅटोचं पातळ खत द्या, त्यात पालाश जास्त असतं. फळाच्या बुडाला काळा डाग पडला की लोक मातीला दोष देतात. बहुधा पाणी कधी भरपूर, कधी अजिबात नाही, असं झालेलं असतं, त्यामुळे कॅल्शियम फळापर्यंत पोचत नाही.

आता जे सांगते ते बाकी सगळं विसरलात तरी लक्षात ठेवा. या पिशव्यांतल्या मातीत लेजिओनेला लाँगबीची नावाचा जिवाणू असू शकतो. धुळीबरोबर तो श्वासात गेला तर गंभीर न्यूमोनिया होतो. स्कॉटलंडमध्ये २०१३ साली काही जण असे आजारी पडले होते. ऑस्ट्रेलियात आणि न्यूझीलंडमध्ये पिशवीवरच इशारा छापतात. असं क्वचित घडतं, पण पन्नाशी ओलांडलेल्यांना, दमा किंवा छातीचा विकार असलेल्यांना, धूम्रपान करणाऱ्यांना धोका जास्त. म्हणजे या सभागृहात बसलेल्या बहुतेकांना.

म्हणून पिशवी घरात किंवा बंद शेडमध्ये फोडू नका. उघड्यावर, चेहरा लांब ठेवून, कात्रीने कापा. माती कोरडी असेल तर हळूच ओली करा. मास्क आणि हातमोजे घाला, नंतर साबणाने हात धुवा, आणि तोवर चहाचा कप हातात घेऊ नका, काका, तुम्हीसुद्धा! पुढच्या पंधरवड्यात ताप, खोकला, धाप लागली तर डॉक्टरांना आपणहून सांगा की मी कुंडीची माती हाताळली होती. लघवीची नेहमीची तपासणी हा प्रकार सहसा पकडत नाही. तुम्ही सांगितलंत तरच ते वेगळी तपासणी करतील.

शेवटी एक विनंती. आपले कितीतरी सभासद एकटे राहतात. त्यांना रोप सांभाळता येतं, पण पिशवी गाडीतून वर नेता येत नाही. ज्येष्ठ कल्याण निधीतून यंदा अशांच्या घरी माती, कुंडी आणि एक रोप पोचवायचं ठरलं आहे. निधीला यथाशक्ती हातभार लावा. तुमची मुलं-नातवंडं शनिवारी दोन तास देऊ शकत असतील तर त्यांची नावं कार्यालयात नोंदवा. ज्यांना कुंडी हवी आहे त्यांनी संकोच न करता नाव द्यावं, आणि कितव्या मजल्यावर राहता, लिफ्ट आहे का, तेही लिहावं.