माग थांबू नये, तसा सर्व्हरही थांबू नये



'अखंड चालणे' म्हणजे काय, हे भिवंडीला बाहेरच्या कोणी शिकवण्याची आवश्यकता नाही. यंत्रमागावर ताण्याचा एक धागा तुटला की कुशल कारागीर कापडात दोष उतरण्यापूर्वीच माग थांबवितो, धागा जोडतो आणि माग पुन्हा सुरू करतो. तुटणे त्याच्या हाती नसते. तुटलेले त्वरित ओळखणे आणि जोडणे मात्र त्याच्याच हाती असते. त्याची मजुरी विणलेल्या कापडावर ठरते, म्हणून थांबलेल्या मागाचा पहिला भुर्दंड मालकाला नव्हे, त्याला बसतो.

आज याच तालुक्यात, माणकोली, पूर्णा, काल्हेर, राहनाळ, दापोडे या गावांतून, गोदामांचे नवे विश्व उभे राहिले आहे. त्याच्या मुळाशी कोपऱ्यातील एका केबिनमध्ये चालणारा सर्व्हर असतो. मालाची नोंद, बीजक, ई-वे बिलासाठी लागणारा तपशील हे सारे त्याच्यातून निघते. एप्रिल २०१८ पासून पन्नास हजार रुपयांहून अधिक किमतीचा माल परराज्यात पाठवायचा तर ई-वे बिल अनिवार्य आहे. सर्व्हर मुका झाला की कागद निघत नाही, ट्रक दारात उभा राहतो आणि हमाल हात बांधून बसतो. म्हणून हा विषय केवळ संगणकतज्ज्ञांचा नाही. तो पोटाचाही आहे.

प्रथम थोडे गणित पाहू. विक्रेता सांगतो, "आमची यंत्रणा ९९ टक्के चालू राहते." ऐकायला बरे वाटते. वर्षाचे ८७६० तास. त्यांतील एक टक्का म्हणजे सुमारे ८८ तास, साडेतीन दिवसांहून अधिक! ९९.९ टक्के म्हटले तरी पावणेनऊ तास जातात. ९९.९९ टक्के म्हणजे वर्षाला सुमारे ५३ मिनिटे. प्रत्येक पुढच्या नवाची किंमत मागच्यापेक्षा कितीतरी अधिक असते. तेव्हा सर्वांनी शेअर बाजाराची बरोबरी करण्याचे कारण नाही. आपल्याला किती वेळ थांबणे परवडते, आणि ते दिवाळीच्या आठवड्यातही परवडेल का, हे मात्र प्रत्येकाने आधी ठरविले पाहिजे.

सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टीम बंद का पडते? कारणे बहुधा साधीच असतात. नोंदींच्या फायलींनी डिस्क काठोकाठ भरते. एखादा प्रोग्राम घेतलेली मेमरी परत करीत नाही आणि आठवड्याभरात यंत्र गुदमरते. सदोष ड्रायव्हर थेट गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये चालत असल्याने स्वतःबरोबर संपूर्ण यंत्रणेला खाली ओढतो. आणि वीज अचानक गेली तर अर्धवट लिहिलेली माहिती बिघडते. आधुनिक जर्नलिंग फाइल सिस्टीम प्रत्येक बदलाची आधी टिपण करून ठेवते, त्यामुळे सावरणे सुकर होते. तथापि यूपीएसने बॅटरी संपण्यापूर्वी सर्व्हरला व्यवस्थित बंद होण्याचा संदेश देणे, ही जोडणी करून घेतलीच पाहिजे. यूपीएस आहे, पण ती केबल लावलेलीच नाही, असे होता कामा नये.

दुसरा धडा आपल्याच तालुक्यातील पडघ्याचा. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबई अंधारात गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. कळवा-पडघा या ४०० केव्ही वाहिनीचे एक सर्किट देखभालीसाठी बंद होते, भार दुसऱ्यावर होता आणि त्यातच बिघाड झाला, असे तत्कालीन ऊर्जामंत्री नितीन राऊत यांनी सांगितले. यातला अर्थ ध्यानात घ्यावा. दोन आहेत म्हणून आपण निर्धास्त असतो. पण एक दुरुस्तीला काढला की आपल्याकडे एकच उरतो. जोडीचे दोन सर्व्हर असोत वा दोन डिस्क, नादुरुस्त झालेली डिस्क 'दुसरी चालू आहे ना' म्हणून महिनाभर तशीच ठेवणे म्हणजे जोडी नसण्यासारखेच होय.

तिसरा धडा न्हावाशेव्याचा. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या या घातक प्रोग्रामने मर्स्क या जहाज कंपनीच्या यंत्रणा जगभर ठप्प केल्या आणि तिच्या समूहाकडील जेएनपीटीचे टर्मिनलही थांबले. कंपनीला दहा दिवसांत सुमारे ४००० सर्व्हर आणि ४५००० संगणक नव्याने उभारावे लागले. सर्व वापरकर्त्यांची ओळख सांभाळणारे सर्व्हर तिने एकमेकांच्या प्रती म्हणून ठेवले होते. सारे एकाच वेळी पुसले गेले. वाचला तो केवळ घानामधील एक, कारण तेथे योगायोगाने वीज गेली होती! प्रत म्हणजे बॅकअप नव्हे. मूळ बिघडले की जिवंत प्रतही बिघडते. एक बॅकअप तरी जाळ्यापासून तोडलेला, दुसऱ्या जागी असावाच.

या प्रोग्रामने वापरलेल्या एका छिद्रावरचा पॅच मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दिला होता. मग पॅच येताच सर्वत्र लावावा काय? १९ जुलै २०२४ चा अनुभव त्याचे उत्तर देतो. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने पाठविलेल्या एका सदोष फाइलने सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोसळले. भारतातील विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहावे लागले. फाइल ७८ मिनिटांत मागे घेतली गेली, पण कोसळलेली असंख्य यंत्रे एकेक करून दुरुस्त करावी लागली. म्हणजे विलंबही घातक आणि आंधळी घाईही घातक. मधला मार्ग जुनाच आहे: नवे सूत आधी एका मागावर चालवून पाहावे, मग सर्व मागांवर चढवावे.

तेव्हा उद्या सकाळी काय करावे? आपल्या सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टीम कोणती, हे विचारावे. विंडोज सर्व्हर २०१२ चा नियमित आधार १० ऑक्टोबर २०२३ रोजी संपला. तो अजून चालत असेल, तर बदलाची तारीख ठरवावी. लिनक्स घ्यायचे तर दीर्घकाळ आधार असलेली आवृत्ती घ्यावी. डिस्क ऐंशी टक्के भरताच मोबाइलवर इशारा येईल अशी सोय करावी. सर्व्हरवर इतर कामाचे प्रोग्राम टाकू नयेत. आणि तीन महिन्यांतून एकदा, रविवारी, बॅकअपमधून सर्व माहिती दुसऱ्या यंत्रावर उभी करून घड्याळ लावून पाहावे. ज्यातून माहिती परत आणून पाहिलेली नाही, त्या बॅकअपवर विसंबणे व्यर्थ आहे.

यंत्र कधीतरी पडणारच. प्रश्न एवढाच की, ते पडल्याचे आपल्याला आधी कळते, की दारात उभ्या असलेल्या ट्रकचालकाला. तुटलेला धागा ओळखणारी नजर या गावाच्या कारागिराकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. तीच नजर आता केबिनमधील त्या यंत्राकडे वळली पाहिजे. कारण त्याच्याही ताण्यावर कोणाची तरी आजची मजुरी चढलेली आहे.