फेरफार



संयोजकांनी मघाशी माझ्या हातात तिसऱ्या क्रमांकाचा ठराव दिला : ‘विज्ञानाचे मराठी पारिभाषिक शब्द तातडीने घडवावेत.’ माझा या ठरावाला विरोध आहे. घडवणाऱ्यांनी आधीच पुष्कळ घडवलेत. 1960 साली भाषा संचालनालय निघालं, तेव्हापासून परिभाषा कोशांनी फडताळं भरली. ‘जनुक’ रुजला, ‘जीवनसत्त्व’ आजीच्या तोंडी गेलं, हे कबूल. पण ‘विकर’? दहावीचा पेपर संपला की पोर तो शब्द पुन्हा उच्चारत नाही, एन्झाइम म्हणतं. आणि ‘उत्परिवर्तन’ न अडखळता तीनदा म्हणणाऱ्याला मी आत्ता मिळालेली ही शाल देऊन टाकीन.

या उत्परिवर्तनाला, म्हणजे जनुकातल्या बदलाला, इंग्रजीत म्युटेशन म्हणतात. आता कुठल्याही तलाठ्याकडे जा. वारस लागला, जमीन विकली, की गाव नमुना सहामध्ये जी नोंद पडते तिला इंग्रजी कागदात म्युटेशन एंट्रीच म्हणतात. आणि मराठीत? फेरफार. टाटांच्या धरणाखाली गेलेल्या शेतांपासून परवाच्या फार्महाऊसपर्यंत, फेरफार म्हणजे काय हे आपल्या मुळशी तालुक्याला शिकवावं लागत नाही. कोशकारांनी संस्कृतचं कोठार उपसलं. शेजारचं तलाठ्याचं दप्तर उघडून पाहिलं नाही. फेरफारात लबाडी होते, अशी कुजबुज ऐकू आली. होते. पेशीतही नक्कल उतरवताना चुका होतात. तिथं निदान पैसे घेऊन होत नाहीत.

गडचिरोलीकडची एक मुलगी हिंजवडीत कामाला आहे. तिच्या रक्ताच्या रिपोर्टवर ‘एएस’ आलं. दवाखान्याचं नाव घेत नाही. तिथं तिला सांगितलं, ‘तुझ्या जनुकात दोष आहे, तू सिकलसेलची वाहक आहेस.’ वाहक! आपल्याकडे डास वाहक असतो, नाहीतर एसटीत तिकीट फाडणारा. मुलीनं खोलीवर येऊन हे सांगितलं आणि मैत्रिणींनी तिचं ताट वेगळं केलं. अहो, हे ताटातून लागत नाही. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन बसतं, एवढाच फेरफार. (नमुना सहा, जागाही सहावी. योगायोग, पण लक्षात ठेवायला बरा.) एक हिस्सा आईकडून येतो, एक वडिलांकडून. फेरफार एकाच हिश्श्यात असला तर माणूस बहुधा ठणठणीत जगतो, जिवावरच्या मलेरियापासून थोडं संरक्षणही मिळतं. दोन्ही हिस्से तसे आले तर आजार. नवरा-बायको दोघंही एएस असतील, तर दर मुलाच्या वेळी चारात एक शक्यता. भाऊबंदकीत सातबारा धरून बसलेल्या कुठल्याही म्हातारीला हे कळेल. त्या मुलीला एका हिश्श्याची वारस म्हणा की!

आणि ‘दोष’ म्हणणाऱ्या डॉक्टरांना मी मुळशीचा आंबेमोहर वाढणार आहे. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 2005 साली दाखवलं, की बासमती, जास्मिन अशा सुवासिक तांदळांत एका जनुकातली आठ अक्षरं गळालेली असतात. ते जनुक धड असलं, की त्याचं एन्झाइम वासाच्या रेणूचा कच्चा माल आधीच फस्त करतं. मोडलं, की तो रेणू साठतो आणि भात शिजताना आळी दरवळते. आंबेमोहराचा वासही त्याच रेणूचा. आता त्या वासाला दोष म्हणून दाखवा, आणि तेही भातलावणी केलेल्या बाईसमोर.

आपण लेखकही सुटत नाही. याच तालुक्यात, हिंजवडीत, जेनोव्हा कंपनीनं देशातली पहिली एमआरएनए लस केली. जून 2022 मध्ये तिला परवानगी मिळाली. तिच्यावर एक तरी ललित लेख आपल्यापैकी कुणी लिहिला? हिंजवडी म्हटलं की आपल्याला ट्रॅफिक सुचतो. त्या आरएनएवरून प्रथिन तयार होतं, त्याला दहावीच्या पुस्तकात ‘भाषांतरण’ म्हणतात. व्यासपीठावर तीन भाषांतरकार बसलेत. आपला शब्द पेशीत कामाला लागलाय, हे त्यांना ठाऊक होतं का, ते त्यांनाच विचारा.

तर, पहिल्या रांगेतल्या डॉक्टरांनी आणि मागे खांबाला टेकलेल्या तलाठी भाऊसाहेबांनी जेवणाआधी एका टेबलावर बसावं. ‘एएस’ म्हणजे काय, ते एका पानात लिहावं. लेखकांनी ते फक्त मोठ्यानं वाचून बघायचं, शुद्धलेखन नंतर. ठराव क्रमांक तीनला माझा विरोध इतिवृत्तात नोंदवा. आणि त्या टेबलावर कागद ठेवा.