सशाने दिलेली साक्ष



आज रक्ताविषयी बोलू. पाबळला ही काही नवलाई नाही. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली इथे विज्ञान आश्रम काढला. तिथल्या शिक्षणात शेती आणि वेल्डिंगच्या जोडीने मुले रक्तगट तपासायलाही शिकतात. काचेच्या पट्टीवर रक्ताचे तीन थेंब घ्यायचे. एकात निळे औषध घालायचे, दुसऱ्यात पिवळे, तिसऱ्यात बिनरंगाचे. कोणता थेंब फाटल्या दुधासारखा दाणेदार होतो, त्यावरून गट कळतो.

आपल्याला आज तिसरा थेंब हवा आहे. तो दाणेदार झाला तर माणूस आर.एच. पॉझिटिव्ह. तसाच राहिला तर निगेटिव्ह. आपल्याकडे शंभरात साधारण पाच माणसे निगेटिव्ह निघतात. त्यांचे रक्त वाईट असते असे मुळीच नाही बरे का!

पण बाई निगेटिव्ह आणि नवरा पॉझिटिव्ह असेल, तर जपावे लागते. बाळ बापासारखे पॉझिटिव्ह असले, तर बाळंतपणात त्याचे थोडे रक्त आईच्या रक्तात मिसळते. आईच्या शरीराला ते परके वाटते. वस्तीवर परका आला की कुत्रे धावून जाते ना, तसेच. शरीर त्याच्यावर प्रतिपिंडे तयार करते. प्रतिपिंड हे एक प्रथिन आहे. रक्ताचा जो पिवळसर पातळ भाग असतो, त्या रक्तरसात ते राहते.

पहिल्या बाळाला बहुधा धक्का लागत नाही. पुढच्या खेपेला मात्र ही प्रतिपिंडे वारेतून बाळाकडे जातात आणि त्याच्या तांबड्या पेशी फोडतात. मूल पिवळे पडते. कधी पोटातच जाते. मग कुणी म्हणतं करणी केली, कुणी म्हणतं सून पांढऱ्या पायाची. ती बिचारी आधीच रडत असते.

ही प्रतिपिंडे पकडायची कशी? ती पेशीला चिकटतात, पण आखूड पडतात. दोन पेशी जोडत नाहीत. म्हणून काचेवर काहीच दिसत नाही.

इंग्लंडात केंब्रिजला रॉबिन कूम्ब्स नावाचे संशोधक होते. रात्री आगगाडीच्या अंधूक डब्यात बसले असताना त्यांना युक्ती सुचली. माणसाच्या रक्तरसातले हे प्रथिन सशाला टोचायचे. सशाला ते परके, म्हणून तो त्याच्यावर आपली प्रतिपिंडे तयार करतो. सशाचा तो रक्तरस वापरायचा. कूम्ब्स, मूरंट आणि रेस या तिघांनी १९४५ साली ही तपासणी जगापुढे मांडली.

दोन बैल शेजारी उभे आहेत. दोघांच्या गळ्यात दावे आहे, पण आखूड. तिसऱ्या दोरीने दोन्ही दावी बांधली, की बैल जोडले गेले. सशाचे प्रतिपिंड ही तिसरी दोरी.

प्रयोगशाळेत आईचा रक्तरस पॉझिटिव्ह पेशींत मिसळतात. अंगाच्या उबेइतका ऊबदार ठेवतात. मग त्या पेशी मिठाच्या पाण्याने तीन-चारदा धुतात. इथे आळस चालत नाही. पेशी नीट धुतल्या नाहीत, तर मोकळे राहिलेले प्रथिन सशाची दोरी आधीच खाऊन टाकते. मग दोष असूनही तपासणी "काही नाही" म्हणते. धुतल्यावर सशाचे द्रव्य घालतात. दाणे धरले, की आईच्या रक्तात प्रतिपिंडे आहेत हे नक्की.

मुंबईत परळला के.ई.एम. रुग्णालयाच्या आवारात १९५७ साली रक्तगटांचे संदर्भ केंद्र निघाले. आज ती राष्ट्रीय संस्था आहे. अवघड रक्ताचे कोडे तिथे सोडवतात.

साधी तपासणी मात्र त्या मानाने जवळ होते. कागदावर तिला "आय.सी.टी." किंवा "कूम्ब्स" लिहितात. ती निगेटिव्ह आली, म्हणजे प्रतिपिंडे अजून झालेली नाहीत. अशा आईला अँटी-डी नावाचे इंजेक्शन देतात. एकदा सातव्या महिन्याच्या सुमारास, आणि बाळ पॉझिटिव्ह निघाले तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत पुन्हा. गर्भ पडला तरी डॉक्टरांना विचारावे, कारण तेव्हाही लागू शकते. १९६८ पासून हे औषध वापरात आहे. प्रतिपिंडे एकदा झाली, की ते उपयोगी पडत नाही. मग मोठ्या दवाखान्यात बाळावर लक्ष ठेवतात. गरज पडली तर ते पोटात असतानाच त्याला रक्त देतात.

दिवस गेल्यावर पहिल्याच तपासणीत गट कार्डावर लिहितात. घरी गेल्यावर ते कार्ड काढा. गटाच्या अक्षरापुढे अधिकाची खूण आहे की वजाची, ते आता तुम्हाला वाचता येते. वजाची असेल, तर पुढच्या खेपेला नवऱ्यालाही बरोबर न्या. त्याचाही एक थेंब हवा आहे.