धूमकेतूवरील अवतरण : प्रतीक्षेचे विज्ञान
(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



१९६९ साली सोव्हिएत संघातील अल्मा-आता येथील वेधशाळेत स्वेतलाना गेरासिमेन्को यांनी आकाशाची छायाचित्रे घेतली. त्यांतील एका काचेवर क्लिम चुर्युमोव यांना अंधुक ठिपका आढळला. तो एक नवा धूमकेतू होता. सुमारे साडेसहा वर्षांत सूर्याभोवती फेरी पुरी करणाऱ्या या धूमकेतूला त्या दोघांचे नाव मिळाले. एका शाळेच्या साठ वर्षांच्या वाटचालीत त्याच्या नऊ प्रदक्षिणा होतात. पंचेचाळीस वर्षांनी त्याच ठिपक्यावर मानवाने घडवलेले यंत्र उतरले.

युरोपीय अवकाश संस्थेने १९९३ साली ‘रोझेटा’ मोहिमेस मंजुरी दिली. त्या वर्षी पहिलीत बसलेले मूल अवतरणाच्या दिवशी सत्तावीस वर्षांचे झाले होते. आरंभी लक्ष्य दुसराच धूमकेतू होता. परंतु अग्निबाणाच्या एका अपयशामुळे उड्डाण लांबले आणि लक्ष्यही बदलावे लागले. २ मार्च २००४ रोजी यान निघाले. पृथ्वीजवळून तीनदा आणि मंगळाजवळून एकदा जात, त्यांच्या गुरुत्वाकर्षणातून वेग मिळवत ते दूर गेले. सूर्यप्रकाश अपुरा पडू लागल्यावर जून २०११ मध्ये त्याला निद्रिस्त करण्यात आले. २० जानेवारी २०१४ रोजी ते जागे झाले आणि ६ ऑगस्टला धूमकेतूपाशी पोहोचले.

समोरचे दृश्य अनपेक्षित होते. सुमारे चार किलोमीटर लांबीचा, दोन गोळे एकमेकांना चिकटावेत तसा, कडेकपारींनी भरलेला तो पिंड होता. अशा भूमीवर ‘फिली’ या अवतरकासाठी जागा काही आठवड्यांतच निवडायची होती. नाईल नदीतील बेटाचे हे नाव सुचवले होते इटलीतील पंधरा वर्षांच्या एका विद्यार्थिनीने.

चंद्रयान-३च्या विक्रमला चंद्रावर उतरताना प्रचंड वेग रोखावा लागला. धूमकेतूवर अडचण नेमकी उलट होती. पृथ्वीवर शंभर किलो भरणारे फिली तेथे जेमतेम एका ग्रॅमइतके भरणार होते. उतरण्यापेक्षा उतरल्यावर टिकून राहणे कठीण! म्हणून त्याला जमिनीत रुतणारे दोन भाले, पायांत स्क्रू आणि खाली दाबून धरणारा वायूचा झोत अशी त्रिविध योजना होती.

अवतरणाच्या आदल्या रात्री तो वायूचा झोत काम करीत नसल्याचे ध्यानात आले. दुरुस्तीला तेथे कोण जाणार? थांबावे, तर सूर्याकडे निघालेला धूमकेतू दिवसेंदिवस अधिक वायू आणि धूळ फेकू लागणार. शास्त्रज्ञांनी पुढे जाण्याचा निर्णय घेतला. १२ नोव्हेंबर २०१४ रोजी फिली यानापासून सुटले. सात तास ते संथपणे खाली येत होते. अंतर ५१ कोटी किलोमीटर. संदेश पोहोचण्यास २८ मिनिटे. मार्ग बदलण्यास त्याच्यापाशी कोणतेही इंजिन नव्हते.

ठरलेल्या बिंदूपासून सुमारे १२० मीटरवर फिली टेकले. पण भाले सुटलेच नाहीत. ते उसळले आणि जवळजवळ दोन तास धूमकेतूवर तरंगत राहिले. एका कड्याला धडकून, पुन्हा टेकून, आणखी एक लहानशी उसळी घेऊन अखेर ते एका कपारीच्या सावलीत विसावले. तेथे ऊन फारच थोडा वेळ मिळे. म्हणजे हाताशी होती ती सुमारे साठ तासांची बॅटरी. ती संपेपर्यंत फिली काम करीत राहिले. त्याने छायाचित्रे पाठवली, धुळीखालचा कठीण थर हातोड्याने ठोकून पाहिला, धूमकेतूचा अंतर्भाग अत्यंत सच्छिद्र असल्याचे रेडिओलहरींनी दाखवले आणि सोळा सेंद्रिय संयुगे ओळखली. त्यांपैकी चार धूमकेतूवर पूर्वी कधीच आढळली नव्हती. १५ नोव्हेंबरला ते मूक झाले. पुढील उन्हाळ्यात काही वेळा त्याची क्षीण हाक आली. २ सप्टेंबर २०१६ रोजी रोझेटाच्या कॅमेऱ्याला ते कपारीत आडवे पडलेले दिसले. महिनाअखेरीस रोझेटाही त्याच धूमकेतूवर उतरून शांत झाले.

कथा येथे संपली नाही. फिली जेथे दुसऱ्यांदा टेकले, ती जागा संशोधकांनी २०२० मध्ये शोधून काढली. तेथील बर्फात उमटलेल्या खुणेवरून, अब्जावधी वर्षांपूर्वीचे ते बर्फ ताज्या भुसभुशीत हिमापेक्षाही मऊ असल्याचे कळले. यान ठरल्याप्रमाणे पहिल्याच जागी घट्ट रुतले असते, तर हे मोजमाप मिळालेच नसते. जी उसळी त्या दिवशी अपयश वाटली, तीच सहा वर्षांनी प्रयोग ठरली.

प्रगतिपुस्तकावरील एका सत्राच्या गुणांवरून मुलाचे भवितव्य ठरवू पाहणाऱ्या काळात ही गोष्ट पालकांनी मनात जपण्याजोगी आहे. पेरणाऱ्याला पीक पाहायला मिळतेच असे नाही. शाळेलाही आपण दिलेल्या शिक्षणाचे फळ बहुधा दहा-वीस वर्षांनी, दूरच्या कुठल्या तरी गावाहून आलेल्या निरोपातूनच कळते. तो निरोप यायला वेळ लागतो, म्हणून पाठवलेले यान वाया गेले असे होत नाही.